उभा जोड: खालून वर की वरून खाली? ट्रॉलीच्या कामातला अनुभव

आपल्याकडे कापूस आणि केळी वाहणाऱ्या ट्रॅक्टर ट्रॉलीत वेल्डिंगचे उभे जोड दोन जातीचे असतात. चासीच्या चॅनेलवरचे खांब, हुकाच्या दांड्याच्या प्लेटी आणि ॲक्सलचे गसेट (कोपऱ्याला आधार देणाऱ्या प्लेटी) ही एक जात. बाजूचा पत्रा आणि फाळका ही दुसरी. पहिल्यावर वजन आणि खड्ड्यांचे झटके येतात, दुसऱ्यावर फक्त मालाचा रेटा. दोन्ही एकाच दिशेने मारले की घोळ होतो. दिशा मी लोखंडाची जाडी आणि भार बघून ठरवतो. बीड (वेल्डची उमटणारी रेघ) किती देखणं येईल ते त्यानंतर.

वरून खाली मारलं की काम झपाट्याने होतं आणि बीड सपाट, गुळगुळीत येतं. ‘दिसाले चांगलं पाह्यजे, भो’ म्हणणारं गिऱ्हाईक त्यावरच खूष होतं. पण रस (वितळलेलं लोखंड) आणि स्लॅग (रॉडच्या लेपाचा वितळलेला मळ) दोन्ही खालीच ओघळतात. स्लॅग आर्कच्या, म्हणजे रॉडच्या टोकाशी जळणाऱ्या विजेच्या झोताच्या, पुढे गेला की आर्क लोखंडावर न लागता स्लॅगवर जळतो आणि कोपरा वितळतच नाही. 6 मिमी प्लेटीवर हे हमखास होतं, वरून मात्र काहीच कळत नाही.

खात्री करायची तर 6 मिमी पट्टीचे दोन ‘टी’ जोडा, एकाच बाजूने, एक खालून वर आणि एक वरून खाली. ते शिकंज्यात धरून वेल्ड नसलेल्या बाजूने घणाचे घाव घाला, म्हणजे जोडाचं मूळ (आतला कोपरा) उघडतं. वरून खाली मारलेल्यात बहुतेक वेळा पट्टीची मूळची कड सरळ रेघेसारखी तशीच दिसते आणि तिच्या कडेला काळा स्लॅग अडकलेला असतो. खालून वरचा नीट मारलेला असेल तर आधी पट्टी वाकते.

100 बाय 50 च्या चॅनेलची फ्लँज साधारण 7.5 मिमी जाड असते, त्यामुळे खांब खालून वरच. रंग, गंज आणि काळी पापडी ग्राइंडरने काढून घ्या. 3.15 मिमीचा 6013 (नेहमीच्या कामाचा) रॉड आडव्या सपाट कामाला 115-125 अँपिअरवर चालतो, तोच इथे 90-105 वर. रॉडचं टोक किंचित वर, पाच-दहा अंश. आधी तळाशी छोटी पायरी बांधा, पुढचा रस तिच्यावर टेकतो. मग डावी-उजवी हालचाल करा: कडेला ‘एक-दोन’ म्हणेपर्यंत थांबा, मधून न रेंगाळता पार व्हा. कडेला थांबला नाहीत तर तिथे खाच पडते, म्हणजे अंडरकट. मध्ये रेंगाळलात तर रस पोटासारखा लोंबतो. लोंबायला लागला की पाच अँपिअर कमी करा. आर्क रॉडच्या तारेच्या जाडीहून लांब नको. 6 मिमी पायाचा फिलेट (कोपऱ्यातलं तिकोनी वेल्ड; पाय म्हणजे त्याची एका बाजूची रुंदी) एका पासमध्ये, म्हणजे एका फेरीत, होतो. 8 मिमीला दोन पास आणि मध्ये स्लॅग पूर्ण झाडलेला हवा.

दांड्याच्या प्लेटींना मी 7018 हा कमी हायड्रोजनचा, जास्त ताकदीचा रॉड वापरतो. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर (डीसी करंट), होल्डर पॉझिटिव्हला, आणि फक्त खालून वर. रॉडच्या नंबरातला तिसरा आकडा पोझिशन सांगतो. 7018 मध्ये तो 1 आहे, म्हणजे सगळ्या पोझिशन्स. वरून खाली मारायला 7048 हा वेगळा रॉड मिळतो, त्यात तो 4 असतो. पावसाळ्यात उघड्या पुड्यातला 7018 तसाच लावू नका. ओल घेतलेला रॉड वेल्डमध्ये हायड्रोजन सोडतो, छिद्रं आणि तडे त्यातूनच येतात. पुड्यावर लिहिलेल्या तापमानाला भट्टीत वाळवा, बहुधा 300 ते 350 अंश, एक-दोन तास.

2 ते 3 मिमी पत्र्याला मात्र वरून खालीच. खालून वर गेलात तर उष्णता साचते आणि पत्र्याला भोक पडतं. 2.5 मिमी रॉड, 75-90 अँपिअर, टोक वर आणि होल्डर खाली झुकलेला, म्हणजे आर्कचा जोर स्लॅगला वर ढकलतो. हालचाल न करता सरळ ओढत न्या. स्लॅगने गाठलंच तर वेग वाढवा. पत्र्यांमध्ये फट नको, आणि सलग मारण्यापेक्षा 50 मिमी वेल्ड, 100 मिमी मोकळं असं मारलं तर बाजू वाकडी होत नाही.

खालून वरचं बीड खवल्यांचं दिसतं म्हणून काही जण ते ग्राइंडरने घासून आत खोलगट करतात. तसं करू नका. 6 मिमी पायाच्या फिलेटचा घसा, म्हणजे मुळापासून वरच्या पृष्ठापर्यंतची जाडी, साधारण 4.2 मिमी. त्यातला दीड मिमी घासला की ताकद एक तृतीयांशाहून जास्त गेली. देखणंच हवं असेल तर शेवटचा पास बारीक रॉडने मारा आणि कडेचे थांबे सारखे ठेवा. खवले एकसारखे येतात.

एक त्रास साध्या ट्रान्सफॉर्मर मशीनवाल्यांचा. आजूबाजूचे शेतपंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं आणि डायलवर 100 असलं तरी रॉडला तेवढे मिळत नाहीत. रॉड चिकटतो, रस गोळा होतो. अशा वेळी डायल सोडा, भंगार पट्टीवर एक उभी लाइन मारा आणि तिच्यावरून करंट लावा.