कांस्याचा तराजू आणि पाच साक्षीदार

प्राचीन रोममध्ये बैल विकत घ्यायचा, तर पैसे मोजून दावं हातात घेतलं एवढ्याने भागत नसे. पाच सज्ञान रोमन नागरिक साक्षीला हवेत, शिवाय सहावा माणूस कांस्याचा तराजू धरून उभा. घेणाऱ्याने बैलाला हात लावून ठरलेले शब्द म्हणायचे: रोमन नागरिकांच्या हक्काने हा माझा आहे, या कांस्याने आणि या तराजूने मी तो घेतला आहे. मग कांस्याचा तुकडा तराजूवर आपटून विकणाऱ्याच्या हाती द्यायचा. नाणी पाडली जात नव्हती तेव्हा धातू खरोखरच तोलला जाई. नाणी आली, तोलणं संपलं, पण तराजू राहिला.

या विधीचं नाव मॅन्सिपातिओ. तो कशाला लागे, ती यादी बोलकी आहे: इटलीतली जमीन, गुलाम, बैल, घोडे, खेचरं, गाढवं आणि दुसऱ्याच्या शेतातून वाट किंवा पाणी नेण्याचे जुने हक्क. मेंढ्या किंवा दागिने नुसते हातात दिले की झालं. म्हणजे कायद्याने आधी सांभाळलं ते शेती कसणाऱ्या घराचं भांडवल. कायद्याचं मूळ न्यायबुद्धीत शोधणाऱ्यांनी ही यादी एकदा वाचावी.

विधी केलाच नाही, तर घेणाऱ्याला ताबा मिळे, मालकी नाही. कायद्याच्या लेखी विकणाराच मालक राही. यावर बारा पाट्यांच्या कायद्यात, म्हणजे रोमच्या पहिल्या लिखित कायद्यात (इ.स.पू. ४५१–४५०), तोड होती ती वहिवाटीची. जमीन २ वर्षं, इतर वस्तू १ वर्ष ताब्यात राहिली की मालकी पक्की. चोरीच्या मालाला मात्र ही सोय नव्हती.

धर्म इथे शिरतो तो अंमलबजावणीच्या वाटेने. ना भूमापन खातं, ना पोलीस, मग हद्दीचा दगड जागेवर ठेवणार कोण? रोमनांनी त्या दगडालाच देव केलं, टर्मिनस, आणि २३ फेब्रुवारीला दोन्ही बाजूंचे शेजारी मिळून त्याची पूजा करीत. नांगराने तो दगड उखडणारा माणूस आणि त्याचे बैल देवाच्या हवाली गेले असं मानलं जाई. अशा माणसाला कुणी मारलं तरी तो खून ठरत नसे. परंपरेने हा नियम रोमच्या नूमा या आद्यकाळातल्या राजाच्या नावावर आहे.

कोर्टातला दावाही असाच धर्माशी बांधलेला. जुन्या पद्धतीत वादी-प्रतिवादी दोघेही शपथेची रक्कम पणाला लावत: १००० आस (रोमन नाणं) किंवा त्याहून मोठ्या वादात ५००, त्याखाली ५०. हरणाऱ्याची रक्कम आधी धर्मकार्याला जाई, पुढे सरकारी खजिन्यात. दावा कोणत्या दिवशी चालेल आणि कोणत्या शब्दांत मांडायचा, हे पुरोहितांच्या हाती होतं. इ.स.पू. ३०४ मध्ये ग्नेयस फ्लाव्हियस या अधिकाऱ्याने ते दिवस आणि ते शब्द जाहीर केले, तेव्हा कुठे सामान्यांना कळलं. मंत्रासारखाच दाव्यातही शब्द चुकून चालत नसे. गायस हा कायदेपंडित एक उदाहरण देतो: तोडलेल्या द्राक्षवेलींबद्दल दावा करताना एकाने ‘वेली’ म्हटलं आणि तो हरला, कारण कायद्यात शब्द होता ‘झाडं’.

नीती सर्वांत उशिरा आली. रोमन वक्ता आणि लेखक सिसेरो एक गोष्ट सांगतो: कॅनियस नावाचा रोमन गृहस्थ सिसिलीतल्या सिराक्यूजला गेला होता आणि त्याला तिथे बाग घ्यायची होती. आपली बाग त्याच्या गळ्यात मारायला पिथियसने कोळ्यांना आधीच पढवून ठेवलं. जेवायला आलेल्या कॅनियससमोर होड्यांची रांग, मासळीचा ढीग. कॅनियसने मागेल त्या किमतीला बाग घेतली. दुसऱ्या दिवशी एकही होडी नाही. शेजारी म्हणाला, इथे कुणी मासे पकडतच नाही, काल मलाच नवल वाटत होतं! कॅनियसने डोकं आपटलं, पण करणार काय? खरेदी-विक्रीचे सोपस्कार पुरे झाले होते, आणि फसवणुकीवर दावा असा नव्हताच.

तो दावा अक्विलियस गॅलस या कायदेपंडिताने घडवला, साधारण इ.स.पू. ६६ च्या सुमारास. तरीही हात आखडूनच: दुसरा कुठलाच उपाय उरला नसेल तरच, तोही एका वर्षाच्या आत. हरणाऱ्याच्या अब्रूला कायमचा डाग लागे, म्हणून प्रेटर, म्हणजे दावे दाखल करून घेणारा न्यायाधिकारी, तो सहजासहजी मंजूर करीत नसे.