घर्षण नाही असे समजा

मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी जे जग दाखवतात, ते फार सोयीचं असतं. तिथल्या दोरीला वजन नसतं, पुली गुळगुळीत असते, ठोकळा उतारावरून विनातक्रार घसरतो. गणिताच्या शेवटी ठरलेली ओळ असते: घर्षण नाही असे समजा. आम्हीही समजायचो. गुण मिळत होते, मग कशाला उगाच घर्षणाची आठवण काढा!

तास संपवून वर्कशॉपमध्ये जावं, तर व्हाइसमध्ये लोखंडाची पट्टी आवळून कानस चालवायची. ती पट्टी जागची हलत नव्हती ती घर्षणाच्याच जिवावर. पण वहीतलं जग आणि फिटिंगचं जग यांची गाठ घालून देणं कुणाच्याच वेळापत्रकात नव्हतं.

पुढे मशीन डिझाइन आलं आणि नगण्य मानलेला हा गडी सगळीकडे दिसायला लागला. क्लच, ब्रेक, बेल्ट, सगळे त्याच्याच भरवशावर. गाडी उचलायला वापरतात त्या स्क्रू जॅकने तर मला चकितच केलं. कार्यक्षमता जितकी जास्त तितकं चांगलं, हे तोवर डोक्यात पक्कं बसलेलं. पण जॅकवर चढवलेलं वजन हात सोडल्यावर आपसूक खाली येऊ नये, तर त्याच्या स्क्रूची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या खालीच असावी लागते. म्हणजे निम्म्याहून जास्त कष्ट वाया जाणं हाच इथला गुण! व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, हा प्रश्न हमखास येतो आणि हुशार मुलंही इथे अडखळतात. बोल्टचंही तसंच. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण ९० टक्के घर्षण खाऊन टाकतं, बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. आणि घट्ट केलेला बोल्ट सैल होत नाही, तोही या खाऊ गड्यामुळेच.

दोरीचा हिशोब मात्र अजूनही खोटा वाटतो. खुंटाला दोरीचे वेढे दिले, तर दोन टोकांच्या ताणांचं गुणोत्तर वेढ्यांबरोबर घातांकी वाढतं. घर्षणांक, म्हणजे दोन पृष्ठभाग एकमेकांना किती धरून ठेवतात याचं माप, ०.३ धरला तर एका वेढ्याला साडेसहा पट, तीन वेढ्यांना सुमारे २८५ पट. खुंट जाड की बारीक, याला काही महत्त्व नाही. धक्क्याला लागणारं मोठं जहाज एक माणूस दोरीचं टोक धरून आवरतो, त्यामागे एवढंच समीकरण.

घर्षणाचे नियमच मुळात मनाला न पटणारे. संपर्काचं क्षेत्रफळ वाढवलं तरी घर्षण वाढत नाही, हे फ्रान्सच्या आमोंताँने १६९९ मध्ये मांडलं. आजही पहिल्यांदा ऐकणारा मान हलवतो ती नकारार्थीच.

मला सगळ्यात आवडते ती बेअरिंगची, म्हणजे फिरणारा दांडा ज्यात टेकतो त्या आधाराची गोष्ट. १८८०च्या दशकात ब्रिटनमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, ते बाहेर ढकललं गेलं. लाकडी खुंटी ठोकली, तीही टिकली नाही. तेव्हा लक्षात आलं की फिरणारा दांडा तेलाला स्वतःच पाचरीसारखं आत ओढतो, तेलात दाब तयार होतो आणि त्या पातळ थरावर सगळा भार तरंगतो. धातूला धातू लागतच नाही. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं.

आमच्या नोट्समध्ये फक्त ते गणित होतं. पान भरून आंशिक अवकलनं, वर सात-आठ गृहीतकं, आणि टॉवरचं नावही नाही. फळ्यावरची सिद्धता उतरवून घेताना दाब नेमका येतो कुठून, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही, कारण मान वर करायलाच सवड नव्हती. ही गोष्ट मला पदवी हातात आल्यानंतर वाचायला मिळाली आणि ते समीकरण तेव्हा कुठे ओळखीचं वाटलं. सिद्धता सुरू करण्याआधी दोन मिनिटं काढून ते उडालेलं बूच तेवढं सांगा, एवढंच शिकवणाऱ्यांकडे मागणं आहे. गृहीतकं नंतर लिहून घेता येतात.