वडगावच्या नारळावरची अकरा घरटी

ऑगस्टमध्ये बेळगावच्या वडगावात, येळ्ळूर रस्त्याकडच्या एका बंगल्यात नारळ साफ करायला बोलावलं होतं. रात्रभर वारा होता. पोचलो तर सगळ्यात खालची झावळी मोडून अंगणात पडलेली, आणि तिच्यावर सुगरणीची तीन घरटी. वर आणखी आठ लोंबकळत होती, सगळी पूर्वेला. आपल्याकडे पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून, म्हणून सुगरण बहुधा आडोशाची बाजू धरते.

"मामा, रिकामी असली तर सगळंच काढून टाका की," काकू म्हणाल्या.

रिकामं की भरलेलं, हे रंगावरून ठरवू नये. येळ्ळूरच्या शिवारातून आणलेली भाताची हिरवी पात काही दिवसांतच वाळते, त्यामुळे नांदतं घरटंही वाळकंच दिसतं. बघायचा तो आकार. टोपीसारखं, खाली आडवी पट्टी असलेलं घरटं नरानं अर्धवट विणलेलं असतं. मादीला पसंत पडलं तरच तो पुढं अंड्यांची खोली आणि नळी विणतो. (नाव सुगरण, विणकाम जवळपास सगळं नराचं!) नळी पुरी असेल तर आत अंडी नाहीतर पिल्लं आहेत असंच धरून चालायचं.

पडलेल्यांत एक टोपी होती. दुसऱ्यातली अंडी फुटून नळीत ओघळली होती. तिसऱ्यापाशी काकू वाकल्या. "अगं बाई, पिल्लं ओरडूलाल्यात की हो आत!"

इथं घाई नडते. खोली आणि नळी यांच्यात नुसता एक उंबरा असतो. घरटं वेडंवाकडं उचललं की पिल्लं त्यावरून घसरून नळीतून बाहेर. म्हणून आधी नळीच्या तोंडाशी तळहात धरला, मग घरटं सरळ केलं. झावळीचा तीनेक फुटांचा तुकडा करवतीनं कापला. कोयत्याच्या हिसक्यानं वीण उसवते. दोरी घरट्याच्या मानेला कधीच बांधायची नाही, झावळीच्या दांड्याला बांधायची. तीही दुहेरी सुतळी, आणि दोन ठिकाणी. एकाच ठिकाणी बांधलं तर वाऱ्यात दांडा फिरतो आणि नळी आडवी होते. त्याच नारळावर, पूर्वेलाच, शेजारच्या झावळीच्या देठाला तुकडा पक्का केला.

माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लं टाकतो, ही समजूत खोटी. माणूस जवळ उभा असला तर मादी येत नाही, हे मात्र खरं. शिडी काढून व्हरांड्यात बसलो. वर नर नव्या टोप्यांना लटकून पंख फडफडवत होते. त्या गडबडीकडे लक्ष द्यायचं नाही. डोकं पिवळं नसलेली, चोचीत अळी धरलेली मादी शोधायची. पस्तीस मिनिटांनी आली. दोनदा जुन्या जागेपाशीच घुटमळली. तिसऱ्या खेपेला नळीत शिरली.

नारळ साफ करणं राहिलं. अंडी उबायला पंधराएक दिवस, पिल्लं उडायला जवळपास तेवढेच, आणि वरच्या टोप्या अजून अर्ध्याच. ऑक्टोबरअखेरीस येतो म्हटलं. पश्चिमेकडचा, घरट्यांपासून लांबचा एक वाळका घड तेवढा उतरवला. नारळ साफ होईपर्यंत खाली काही पडायला नको, म्हणून काकूंना गाडी फाटकाबाहेर लावायला सांगितली.