क्यूईएमयूमधील माझा पहिला पॅच

माझे काम छोट्या यंत्रांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचे आहे, आणि खरा बोर्ड हाती येईपर्यंत ते सॉफ्टवेअर आम्ही क्यूईएमयूवर चालवून पाहतो. फाब्रिस बेलार यांनी २००३ साली सुरू केलेला हा मुक्तस्रोत प्रकल्प एका प्रोसेसरसाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोसेसरवर चालवतो आणि त्याभोवतीच्या टायमर, सिरियल पोर्ट, नेटवर्क कार्ड अशा उपकरणांचीही हुबेहूब नक्कल करतो. केव्हीएम या लिनक्समधील आभासी यंत्रे चालवण्याच्या सोयीच्या जोडीने तर मोठ्या सर्व्हरवरील आभासी यंत्रेही त्यावर चालतात. सहा वर्षे तो फुकट वापरल्यावर आपणही थोडा हातभार लावावा, असे गेल्या वर्षी मी ठरवले.

नवख्यांसाठी सुचवलेल्या कामांपैकी एक मी निवडले. जुन्या उपकरणांच्या कोडमध्ये ‘डीप्रिंटएफ’ नावाच्या मॅक्रोने (कोडमधील छोट्या आज्ञेने) लिहिलेले डीबगिंगचे, म्हणजे दोष शोधण्यासाठीचे, संदेश असतात, ते काढून त्यांच्या जागी ट्रेस इव्हेंट (काय घडते आहे त्याच्या नोंदी) घालायचे असतात. जुन्या पद्धतीत संदेश पाहायचे म्हणजे फाइलमध्ये बदल करून सर्व पुन्हा बांधावे लागते. शिवाय एरवी तो कोड कंपायलरच्या दृष्टीसच पडत नाही, त्यामुळे आजूबाजूचे चल (व्हेरिएबल) बदलले तरी संदेश तसेच राहून कुजतात. ट्रेस इव्हेंट मात्र चालवताना एका पर्यायाने सुरू करता येतो. मी एआरएम प्रोसेसरच्या एका जुन्या बोर्डावरील टायमर घेतला. कोणत्या भागाची देखभाल कोण करते हे ‘मेन्टेनर्स’ नावाच्या फाइलमध्ये नोंदलेले असते. या टायमरपुढे ‘ऑड फिक्सेस’ असे लिहिले होते, म्हणजे नियमित लक्ष देणारे कोणी नाही, सवड मिळेल तेव्हा एखादी दुरुस्ती होते.

कोडपेक्षा आधी परवानगीतच तीन आठवडे गेले. प्रत्येक पॅचखाली, म्हणजे कोडमध्ये सुचवलेल्या बदलाखाली, ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ स्वतःच्या नावाने लिहावी लागते, आणि हा कोड देण्याचा मला अधिकार आहे अशी ती ग्वाही असते. माझ्या नोकरीच्या करारानुसार मी लिहिलेल्या कोडवर कंपनीचा हक्क येतो, म्हणून लेखी संमती घेतल्याशिवाय मला सही करणे प्रशस्त वाटले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतलेला कोड हा प्रकल्प स्वीकारत नाही, त्यामागेही हीच चिंता आहे: ज्याच्या मालकीबद्दल निश्चिती नाही त्याची ग्वाही कोणी द्यायची?

पॅच ईमेलनेच पाठवायचा असतो, आणि तो मी ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवला. आमच्या मेल सर्व्हरने त्याखाली गोपनीयतेची दहा ओळींची सूचना चिकटवली आणि लांब ओळी मध्येच तोडल्या. परिणामी पॅच कोणालाच लावता येईना. दुसऱ्या दिवशी खासगी पत्ता ‘गिट सेंड-ईमेल’ या पॅच पाठवणाऱ्या आज्ञेला जोडून, आधी स्वतःलाच पाठवून, तो लागतो की नाही हे तपासूनच पुन्हा पाठवला. हा उद्योग पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

पाठवण्यापूर्वी ‘चेकपॅच’ या स्क्रिप्टने मला हेक्साडेसिमल आकड्यांपूर्वी शून्य-एक्स न लिहिल्याबद्दल हटकले होते, ते मी निमूटपणे सुधारले. खरी तपासणी माणसांची होती. पाचव्या दिवशी आलेल्या उत्तरात माझ्या चौदा संदेशांपैकी तीन संदेशांवर बोट ठेवलेले होते. आत चालणाऱ्या प्रणालीने अस्तित्वात नसलेल्या रजिस्टरला (उपकरणातील छोट्या साठवण-जागेला) हात लावला तर ती तिची चूक आहे, म्हणून तो संदेश ‘गेस्ट एरर’ या वर्गाच्या लॉगमध्ये जायला हवा. आणि खऱ्या चिपमध्ये असलेली पण आपण न लिहिलेली सोय कोणी मागितली, तर तो ‘अनइम्प्लिमेन्टेड’ वर्ग. मी सगळे एकाच मापाने मोजले होते. वास्तविक दोष शोधताना पहिला प्रश्न हाच पडतो की चूक माझ्या प्रोग्रामची की नकलेची, आणि हे मी स्वतः वापरकर्ती असूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता. जाता जाता सफाई म्हणून मी टायमरच्या स्थितीतील एक बत्तीस बिटांचे चल फक्त हो-नाही साठवते असे पाहून त्याला ‘बूल’ (एका बाइटाचा हो-नाही प्रकार) केले होते आणि स्थिती जतन करणाऱ्या ‘व्हीएमस्टेट’च्या यादीतही तसाच बदल केला होता. चालू आभासी यंत्र एका संगणकावरून दुसऱ्यावर हलवताना, किंवा त्याची स्थिती डिस्कवर ठेवताना, ही यादी ज्या क्रमाने लिहिलेली असते त्याच क्रमाने बाइट बाहेर पडतात, आणि वाचणारी बाजू प्रत्येक चलाची लांबी त्या प्रवाहातून नव्हे तर स्वतःच्या यादीवरून ठरवते. चारांऐवजी एक बाइट वाचला की पुढचे सगळे तीन बाइटांनी सरकते. जुन्या आवृत्तीत जतन केलेले यंत्र नव्या आवृत्तीत उघडले तर टायमर भलत्याच आकड्यापासून मोजू लागला असता, आणि त्याचे मूळ माझ्या ‘सफाई’त आहे हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते. तपासणाऱ्याने समजावून लिहिले होते की या बोर्डासाठी आवृत्त्यांमधील सुसंगतीचे वचन कोणी दिलेले नाही, परंतु मग यादीचा आवृत्ती-क्रमांक वाढवायला हवा, म्हणजे जुनी स्थिती चुकीची वाचली जाण्याऐवजी स्पष्टपणे नाकारली जाईल. आणि काही झाले तरी हा बदल ट्रेसिंगच्या पॅचमध्ये नको. मी तो भाग काढून टाकला.

दुसऱ्या आवृत्तीत काय बदलले ते मी कमिटच्या, म्हणजे इतिहासात कायम नोंदल्या जाणाऱ्या बदलाच्या, संदेशातच लिहिले, तेही चुकले. तीन आडव्या रेघांखाली लिहिलेला मजकूर पॅच लावताना गळून पडतो, आणि आवृत्त्यांमधील फरक तिथेच लिहायचा, कारण इतिहासात फक्त बदलाचे कारण राहावे. हा नियम मला प्रथम अतिरेकी वाटला. नंतर त्याच टायमरमधील एक विचित्र ओळ समजून घेण्यासाठी, कोणती ओळ कोणत्या बदलात आली हे दाखवणाऱ्या ‘गिट ब्लेम’ने मागे जात गेले, तेव्हा जुन्या कमिटच्या दोन वाक्यांनी माझे कोडे उलगडले, आणि मग तक्रारीला जागा उरली नाही.

तिसरी आवृत्ती गेली तेव्हा जुलै संपत आला होता. क्यूईएमयूच्या वर्षाला तीन आवृत्त्या निघतात, साधारण एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये. त्यापूर्वी काही आठवडे ‘फ्रीझ’ असते आणि त्या काळात दोषदुरुस्तीखेरीज काही घेत नाहीत. माझा पॅच दुरुस्ती नव्हता, त्यामुळे एका मेन्टेनरने ‘रिव्ह्यूड-बाय’ (तपासून पसंत असल्याची ओळ) दिले तरी तो थांबून राहिला. ऑगस्टची आवृत्ती बाहेर पडल्यावर मी दोन ओळींची आठवण पाठवली. किरकोळ बदल एकत्र गोळा करणाऱ्याने तो आपल्या गठ्ठ्यात घेतला आणि सप्टेंबरच्या मध्यास तो मुख्य शाखेत शिरला, माझ्या सहीखाली त्याची सही होऊन.

काढून टाकलेला ‘बूल’चा बदल मी नंतर वेगळा पॅच म्हणून पाठवला, या वेळी आवृत्ती-क्रमांक वाढवून. त्यावर पहिलाच प्रश्न आला की याची गरज काय, आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून लिहिता आलेले नाही.