तरडगावच्या तळावर

नीरा स्नान झालं, ज्ञानोबांची पालखी सातारा जिल्ह्यात आली, आणि लोणंदच्या मुक्कामी आमच्या दिंडीत वाद पेटला. निमित्त झालं सासवडला येऊन मिळालेल्या एका वारकरणीचं. डोक्यावर तुळस, पाय अनवाणी, आवाज जाडसर पण सुराला पक्का. भिशी, म्हणजे दिंडीच्या खर्चाची वर्गणी, तिने आल्याआल्या भरली होती. जेजुरी आणि वाल्हे, दोन्ही मुक्काम ती सामानाच्या ट्रकखाली झोपली. लोणंदला पावसाने तिथे चिखल केला, तेव्हा तिने बायकांच्या राहुटीत जागा मागितली.

"तो बाप्या आहे," अण्णा म्हणाले.

अण्णा आमचे वीणेकरी. तीस वर्षांच्या वर वारी. मला टाळ धरायला, पावली टाकायला त्यांनीच शिकवलं. राहुटीतल्या एका तरुण आईलाही भीती वाटत होती. शेजारी तिची लेक झोपणार होती. तिच्या भीतीला मी खोटं म्हणणार नाही. पण त्या भीतीवर कुणी बसून बोललं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. "देवाने दोनच जाती केल्या, बाई आणि पुरुष," असं ठणकावून झालं, आणि विषय मिटला.

कुणीतरी हळूच 'भेदाभेद भ्रम अमंगळ' म्हटलं. अण्णा म्हणाले, "तुकोबांचा तो अभंग जातपातीचा. हे निराळं."

मला तिथे बोलायचं होतं. आपण ज्ञानोबांना माऊली म्हणतो, विठोबाला विठाबाई म्हणतो, आणि त्यात कुणाची जीभ अडत नाही. ज्ञानोबांनी विरहिणी लिहिल्या त्या बाईच्या तोंडून, आणि अण्णा त्या गातात तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, देवळाच्या बाहेर आहे. त्यांच्या लोकांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावं लागलं. तेव्हाही परंपरेचंच नाव पुढे केलं गेलं होतं. आणि उपोषणाला बसलेला माणूस श्रद्धाळूच होता.

यातलं मी काही बोललो नाही. मी समलिंगी आहे. घरात फक्त थोरल्या बहिणीला ठाऊक आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने आमच्यावरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला, तेव्हा मी पुण्यात खोलीवर एकटा रडलो होतो. कोर्टाने मला मोकळं केलं, पण दिंडीत तोंड उघडायचं बळ त्या निकालातून आलं नाही. ती रात्र तिने शाळेच्या व्हरांड्यात काढली.

दुसऱ्या दिवशी चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं. अश्व दोन रांगांमधून दौडत गेला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे धावले. तीही धावली. गर्दीत तिला कुणी अडवलं नाही.

संध्याकाळी तरडगावला समाजआरती. चोपदार दंड उंचावतात आणि एवढा मोठा तळ क्षणात गप्प होतो. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिने तेवढे टाळ वाजवत राहायचे. मग चोपदार तिच्याकडे येतात, गाऱ्हाणं ऐकून घेतात. इतकी सुरेख रीत मी दुसरीकडे पाहिली नाही. त्या शांततेत माझे टाळ माझ्या हातात होते. मी ते छातीशी घट्ट धरले. आवाज होऊ दिला नाही.

आरती झाल्यावर मात्र राहवेना. अण्णा पायाला तेल चोळत बसले होते. म्हटलं, "अण्णा, तिला बाहेर ठेवायचं तर मलाही ठेवावं लागेल." मग सगळं सांगितलं. शब्द सापडत नव्हते. जे सुचले ते वापरले. अण्णांचा हात थांबला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

"उद्या फलटणचा टप्पा मोठा आहे," अखेर म्हणाले. "नीज आता."

झोप कुठली येणार! ती पंढरपूरपर्यंत आमच्याबरोबर चालली, पण राहुटीत एकदाही झोपली नाही. ही आमच्या दिंडीची उणीव आहे आणि माझीही, कारण मी बोललो तो एकट्या अण्णांशी.

सकाळी निघाल्यावर अण्णांना घटकाभर बाजूला जायचं होतं. वीणा खाली ठेवायची नसते, ती दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. आसपास जुनी, माझ्याहून जाणती चार माणसं होती. अण्णा त्यांना ओलांडून माझ्यापाशी आले. वीणा माझ्या गळ्यात घातली. मी वाकलो, आणि रीतीप्रमाणे तेही माझ्या पायांशी वाकले.