लांब केस आहेत? मग आधी भांग बघा

लांब केसांसाठी तेल कुठलं, शॅम्पू कुठला हे सगळ्या विचारतात पण भांग कुठे पाडायचा हे कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते निम्मा लुक तिथेच ठरतो. मधल्या भांगाने केस दोन्ही बाजूंनी सरळ खाली येतात, लांबी छान उठून दिसते, पण केस पातळ असतील तर डोक्यावर चप्प बसतात आणि लांबट चेहरा अजूनच लांब वाटतो. तिरका भांग पाडला की काही केस रोजच्या वळणाच्या उलट जातात, मुळाशी थोडे उचलले जातात आणि लगेच दाट दिसतात! नागमोडी भांग तर अजून मस्त, टाळूची सरळ रेघच दिसत नाही.

एकाच जागी सतत भांग असला की तिथल्या त्वचेला ऊन लागत राहतं, आणि रोज ओढून घट्ट वेणी घातली तर कपाळाजवळचे केस ताणाने विरळ होतात, हे खरंच मनावर घ्या गं. अधूनमधून भांग बोटभर सरकवा, तोही केस ओलसर असतानाच, कारण वाळताना जसे ठेवाल तसे बसतात.

आणि पुण्यात गाडीवर जायचं म्हणजे स्कार्फ, वर हेल्मेट, त्यात मोकळे केस कोंबले की ऑफिसला पोचेपर्यंत नुसता गुंता. त्यापेक्षा सैल वेणी घाला, पोचल्यावर सोडा, हलक्या लाटा आपोआप येतात. तुळशीबागेतून बारीक शेपटीचा कंगवा तेवढा घेऊन ठेवा, भांग स्वच्छ पडतो.