नानांचा खजिना आणि लोहगड : शोधाची पुढची नोंद

मंडळी, पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांच्या खजिन्याच्या शोधात पुण्यातल्या नानावाडा आणि बेलबागेची टिपणं जुळवून झाली. आता लोहगड. नाना फडणविसांनी अमाप पैसा गडावर पुरला आणि तो अजून तिथेच आहे, ही कथा मावळात कुणालाही विचारा, ऐकायला मिळेल. जागाही ठरलेली: लक्ष्मीकोठी.

माझा पहिला आक्षेप कोठीलाच आहे. ती कातळात खोदलेली आहे, नानांच्या कितीतरी आधीची. शिवाय तिच्याशी दुसराच खजिना जोडलेला आहे. 1664 च्या सुरतेच्या लुटीतला ऐवज नेताजी पालकरांनी लोहगडावर आणून ठेवला, असं सांगतात. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोन खजिने, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात दोन्हींची खिचडी. सुरतेचा ऐवज तर बाजूलाच ठेवा. 1665 च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांकडे गेला, तो परत आला 1670 मध्ये. तहात गड सोडून देताना त्यावर सोनं ठेवून कोण उतरेल?

नानांच्या बाबतीत मात्र हाताशी दगड आहे. गडावरच्या शिलालेखात शके 1711 हे साल आणि बाळाजी जनार्दन फडणीस (म्हणजे नानाच) आणि धोंडो बल्लाळ नितसुरे (गडाचे किल्लेदार धोंडोपंत) ही नावं येतात. (ठसा घ्यायचा तर परवानगी हवी, गड संरक्षित आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात मोबाइलवर काढलेले फोटो पुरेसे वाचता येतात. दुपारी जाऊ नका, अक्षरं सपाट होतात.) शकात 78 मिळवले की 1789. गडावरची सोळाकोनी बाव (विहीर) याच काळातली.

या सालाने कथेचा एक खांब हलतो. नानांनी दुसऱ्या बाजीरावाच्या आणि दौलतराव शिंद्यांच्या धाकाने पैसा हलवला, असं सर्रास सांगतात. धाक खोटा नव्हता. 31 डिसेंबर 1797 ला शिंद्यांच्या छावणीत त्यांना पकडलं, नगरच्या किल्ल्यात ठेवलं, आणि सुटकेसाठी 10 लाख मोजावे लागले. तेव्हाच शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटग्याने पुण्यातल्या सावकारांकडून ज्या रीतीने पैसा काढला, ते पाहून कुणीही हंडा पुरला असता. पण 1789 साली यातलं काहीच नव्हतं. पेशवे सवाई माधवराव पंधरा वर्षांचे, खर्ड्याची लढाई सहा वर्षं पुढे आणि कारभार पूर्ण नानांच्या मुठीत. म्हणजे लोहगडाची डागडुजी घाबरलेल्या माणसाने केलेली नाही. सत्तेच्या भरात असतानाच त्याने आपला हुकमी गड तयार करून ठेवला होता. माझ्या मते खजिन्याचं खरं रूप हेच: पाणी, पक्का गड आणि विश्वासू किल्लेदार.

किल्लेदार विश्वासू निघाला, हे तर उघडच आहे. 13 मार्च 1800 ला नाना गेले. त्यांची लहानगी विधवा जिऊबाई धोंडोपंत नितसुऱ्यांच्या आसऱ्याने लोहगडावर राहिली आणि पुण्याचा पेशवा काही करू शकला नाही. शेवटी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्ली मध्ये पडला, गड सुटला, जिऊबाई पनवेलला गेल्या आणि त्यांना सालाना 12,000 रुपयांची नेमणूक मिळाली. मधली काही वर्षं शिबंदीचा (गडावरच्या शिपायांचा) पगार, धान्य, दारूगोळा हे सगळं चालवायला रोकड लागलीच असणार. पुरलेल्या पैशावर शिबंदी पोसली जात नाही. तेव्हा पैसा होता, पण तो खर्चाचा होता, असा माझा तर्क. पुरावा मिळेपर्यंत तर्कच म्हणायचा.

म्हणून पुढचा मोर्चा वाईजवळच्या मेणवलीकडे, नानांच्या गावी. कृष्णाकाठचा वाडा, घाट, आणि देवळाजवळची ती 1707 ची पोर्तुगीज घंटा हे पर्यटकांचं झालं. मला हवं आहे ते मेणवलीचं दप्तर, म्हणजे नानांचे जुने कागद. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीसांनी ते मिळवलं म्हणून हे कागद अभ्यासकांपर्यंत पोहोचले. त्यात लोहगडाच्या शिबंदीचा जमाखर्च किंवा नितसुऱ्यांची पत्रं शोधायची आहेत. विशेषतः 1798 ते 1803 या वर्षांतली. माझं मोडी छापील पाठावरून तपासण्याइतपतच आहे. भरभर लिहिलेल्या मोडीत आकडे, आणे, पै सराईतपणे वाचणारं कुणी असेल तर बरोबर या.

आणि एक विनंती. लक्ष्मीकोठीत कुणी कुदळ घेऊन दिसलं, तर वाद घालू नका. गडावरच्या पहारेकऱ्याला सांगा.